रोपवाटिकेच्या वहिनींना, मनापासून

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि झारी उचलून रोपांकडे वळता. म्हणून हे लिहून कळवते आहे, आणि तेही चारचौघांत. निवृत्तीनंतर मोठं घर आवरून लहान घरात जाणारी आमच्या वयाची माणसं आता घरोघरी आहेत. भांड्यांचं, पुस्तकांचं, कपाटांचं काय करायचं हे सांगणारे त्यांना पुष्कळ भेटतात. बागेचं काय करायचं हे सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. आम्हाला तुम्ही भेटलात.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गोडोलीतली आमची जागा सहा गुंठ्यांची. आंबा, फणस, दोन नारळ, पेरू, लिंबं, गुलाबांचा लांबलचक वाफा, आणि सासूबाईंच्या हातचा अनंत. नोकरीच्या काळातले सगळे रविवार ह्यांनी त्या मातीत घालवले. नव्या घराला पुढचं नि मागचं अंगण मिळून जेमतेम 325 चौरस फूट जागा. ह्यांचे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत, माझ्याच्यानं पाण्याचा पाइप एवढा ओढवत नाही, म्हणून घर विकायचं ठरलं. ठरवलं आम्हीच, तरी बागेचा विषय निघाला की दोघंही गप्प व्हायचो.

तुमच्याकडे मी आले होते ती फक्त कुंड्या विकत घ्याल का हे विचारायला. तुम्ही किंमत सांगितली नाहीत. "आधी बाग दाखवा," म्हणालात आणि त्याच रविवारी आलात. सगळीकडे फिरलात आणि मग मला एकच विचारलंत, "बाई, ह्यातल्या कशाला तुमचा रोज हात लागतो?" आवडतं झाड कुठलं असं विचारलं असतंत तर मी सगळीच नावं घेतली असती. रोज हात कशाला लागतो म्हटल्यावर उत्तर सोपं झालं. कढीपत्ता, गवती चहा, तुळस, लिंबू, देवाची जास्वंद, उन्हाळ्यात मोगरा. ह्यांचं उत्तर वेगळं होतं. ते म्हणाले, पेरू आणि अनंत. नव्या अंगणाची सगळी आखणी त्या दोन उत्तरांवर उभी राहिली.

मग तुम्ही विचारलंत, ताबा कधी द्यायचा? साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, व्हायचं होतं. "पावसाळा हातात ठेवा, ताबा दिवाळीनंतरचा लिहा," असं तुम्ही सांगितलंत आणि वर वकिलांनाही भेटायला लावलंत. वकिलांनी जे सांगितलं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जमिनीत रुजलेली झाडं-झुडपं जमिनीलाच जोडलेली धरतात. साठेखतात वेगळं लिहिलं नसेल तर जमिनीबरोबर तीही विकली जातात. सासूबाईंचा अनंत आम्ही नेणार, ही ओळ त्या कागदात आली ती केवळ तुमच्यामुळे. घर विकायला काढणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं. व्यवहार झाल्यावर झाडासाठी रदबदली करणं दोन्ही बाजूंना अवघड जातं.

नवं घर दाखवायला तुम्हाला नेलं तेव्हा मार्गशीर्ष संपत आला होता. मागचं अंगण उत्तरेला, आठ फूट रुंद. मला तिथे लिंबू लावायचं होतं. तुम्ही भरदुपारी घराच्या सावलीकडे बोट दाखवलंत. वीस फूट उंचीचं घर, आणि साताऱ्यात डिसेंबरच्या अखेरीस ऐन दुपारीसुद्धा त्याची सावली सतराएक फूट पडते. म्हणजे मागचं सगळं अंगण सावलीत आणि सावली कुंपणाच्याही पलीकडे. पुढच्या अंगणात उन्हाच्या कडेनं तुम्ही चुन्याची फक्की टाकलीत. "ऊन इतकंच, ह्याच्या आतलं आपलं," म्हणालात. वैशाखात मात्र सूर्य डोक्यावर येतो आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत थोडा उत्तरेलाच असतो, तेव्हा मागेही ऊन उतरतं. पण लिंबाला वर्षभर ऊन हवं. म्हणून मागे अळू, हळद, पुदिना आणि पुढे लिंबू, मोगरा, तुळस. बागेत इतकी वर्षं घालवूनही सूर्य कुठून कुठे सरकतो हे मी असं कधी मोजून पाहिलं नव्हतं. मोठ्या जागेत त्याची गरज पडत नाही, झाडाला हवं ते ऊन कुठे ना कुठे मिळतंच.

गुलाबांबद्दल तुम्ही स्पष्ट बोललात त्याचेही आभार. ऑक्टोबरची छाटणी, सतत किडीवर नजर, फवारण्या, काट्यांत वाकून करायचं काम. "हे आता कुणा तरण्या हातांना द्या," असं तुम्ही ह्यांच्या तोंडावर सांगितलंत. ह्यांना वाईट वाटलं. पण तुम्ही नुसतं सांगून थांबला नाहीत, गुलाब मागणारं घरही शोधून आणलंत, आणि छाटणी कुठल्या डोळ्यावर करायची हे त्या घरातल्या मुलीला ह्यांच्याकडूनच शिकवून घेतलंत. तिनं पहिल्या बहराचे फोटो पाठवले तेव्हा हे दिवसभर ते सगळ्यांना दाखवत होते.

आता पेरूचं. एवढा जुना पेरू हलणार नव्हता, पण त्याची गुटी बांधता येईल, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून नवं रोप करता येईल, म्हणालात. मृगाचा पाऊस पडल्यावर आलात. पेन्सिलीएवढ्या जाडीची, उन्हातली, निरोगी फांदी निवडलीत. चाकूनं इंचभर रुंदीची साल गोल काढलीत आणि चाकूच्या पाठीनं आतला बुळबुळीत थर खरवडलात. "हा राहिला की साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत." भिजवून घट्ट पिळलेलं मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ, त्यावर मुठीनं दाबलंत, प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळी आवळलीत. दुसरी गुटी ह्यांच्याकडून बांधून घेतलीत. खुर्चीवर बसून, फांदी खाली ओढून धरून ह्यांनी ती बांधली. श्रावणात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली तेव्हा ह्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. मुळं जरा तपकिरी होईपर्यंत तुम्ही थांबायला सांगितलंत. मग गुटीच्या खाली फांदीला आधी अर्धा काप, आठवड्यानं पूर्ण. निम्मी पानं काढून पिशवीत लावली आणि सावलीत ठेवली. दोन्ही जगल्या. एक आमच्याकडे आहे, दुसरी ज्यांनी घर घेतलं त्यांच्या नातवाला दिली.

अनंत मुळासकट न्यायचा होता, त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ दिलात. चैत्रात एका बाजूनं अर्धगोल चर खणून तिकडची लांब मुळं तोडलीत आणि चर पालापाचोळ्याच्या खतानं भरलात, म्हणजे खोडाजवळ नवी बारीक मुळं धरतील. पाऊस सुरू झाल्यावर दुसरी बाजू. शिवाय झाड दगावलं तर हाताशी असावी म्हणून त्याचीही एक गुटी बांधून ठेवलीत. श्रावणातल्या भुरभुर पावसात तुमच्या दोन माणसांनी मातीच्या गड्ड्यासकट तो उचलला आणि ओल्या गोणपाटात बांधून टेम्पोत ठेवला. तुम्ही मागे, अनंताजवळ, हौद्यात बसून आलात. फांद्या एकतृतीयांश कमी केल्या होत्या तरी नव्या जागी त्याची पानं पिवळी पडून गळली. मी रोज फोन करायचे. तुम्ही एकदाही कंटाळला नाहीत. "खोड नखानं जरा खरवडून बघा, आत हिरवं आहे ना? मग पाणी बेतानं घाला आणि खत अजिबात नको," हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल! दसऱ्याच्या सुमाराला पेरापेरांवर कोवळे पोपटी डोळे दिसले.

आंबा आणि फणस तिथेच राहिले. फणस फाटकाजवळ, गाडी आत घ्यायला अडचणीचा, तो तोडायचा असं घर घेणाऱ्यांच्या मनात होतं. शहरी हद्दीत स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही 1975 च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्यानं परवानगी लागते, हे तुम्ही त्यांना सांगितलंत. पण कायद्याचा धाक घालून तुम्ही निघून आला नाहीत. फाटक चार फूट सरकवलं तर गाडी कशी वळते ते दोरी धरून दाखवलंत. मग मला म्हणालात, "बाई, तुम्ही शिक्षिका. झाडांची एक वही लिहून द्या." फणसाला कुठल्या महिन्यात कुयऱ्या लागतात, आंब्याची कुठली फांदी पोकळ आहे, नारळावर कोण चढतं, कुठलं आळं कधी भरायचं, असं सगळं मी लिहिलं. ती वही लिहिताना माझ्या जिवाला जी स्वस्थता आली, ती घर विकण्याच्या त्या सगळ्या महिन्यांत दुसऱ्या कशानंच आली नव्हती. त्यांनी फाटक सरकवलं. फणस उभा आहे.

नव्या अंगणातला कट्टा तर सगळ्या गल्लीनं येऊन पाहिला. विटांचा, दोन फूट उंच, आणि रुंदी अडीच फूटच, म्हणजे एका बाजूनं स्टुलावर बसून हात पलीकडे पोचतो. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि उसाचं पाचट, वर माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड. बिल्डरनं अंगणात पुरलेला राडारोडा तुम्ही आधी उपसून काढायला लावलात, नाहीतर आम्ही त्याच्यावरच माती टाकली असती. पाचट कुजून माती खाली बसेल, वर्षानं भर घालावी लागेल, हेही सांगून ठेवलंत. ह्यांची पाठ आणि गुडघे दोन्ही शाबूत राहून काम होतं. सकाळचा चहा आता कट्ट्यापाशीच होतो, कारण खुरपं हातात घेतलं की ह्यांना आत बोलावून उपयोग नसतो.

एवढं सगळं करून तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त माणसांच्या मजुरीचे, टेम्पोचे आणि मातीचे. तुमच्या स्वतःच्या वेळेचं काही लावलं नाहीत. विचारलं तर म्हणालात, गोडोलीच्या पेरूच्या काड्या मला द्या. त्या काड्यांची कलमं तुमच्या रोपवाटिकेत वाढताहेत, हे मागच्या भेटीत पाहिलं आणि फार बरं वाटलं.

वहिनी, हातातून बाग सुटणार म्हणून आम्ही दोघं धास्तावलो होतो तेव्हा तुम्ही आम्हाला कामाला लावलंत. वर्षभर आमच्या हाताला काम दिलंत, तेही झेपेल असं. ह्याचं ऋण आम्ही दोघंही मानतो.

येत्या संक्रांतीनंतर मोगऱ्याची छाटणी करायची आहे. पाणी किती दिवस तोडायचं ते ह्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. रविवारी जेवायलाच या, मागच्या अंगणातल्या अळूचं फदफदं करते. मुलांनाही आणा.

तुमची,
गोडोलीच्या बाई