लेबर डेनंतरचं होपॅटकाँग : गरवायला जाताना थर्मामीटर सोबत असू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

न्यू जर्सीतल्या लेक होपॅटकाँगवर आपली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने जातात, पण जातात ती जून ते ऑगस्टमध्ये. पाँटून बोट भाड्याने घ्यायची, मुलांच्या हातात एकेक रॉड द्यायचा, चार इंची सनफिश काढून फोटो घ्यायचे आणि परतायचं. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटला की तळं बंद झालं असंच सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात गरवणाऱ्यांचा हंगाम तिथून पुढे सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो. त्या हंगामाचं तंत्र मराठीत कुठे लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र. त्यातले धोकेही उन्हाळ्यातल्या धोक्यांहून वेगळे आहेत, आणि ते न सांगता नुसतं मासे कसे धरायचे हे सांगणं आम्हाला पटत नाही.

होपॅटकाँग हे न्यू जर्सीतलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं तळं, सुमारे २,५०० एकरांचं. मूळची दोन तळी बांध घालून एक झाली आणि एकोणिसाव्या शतकात मॉरिस कालव्याला इथून पाणी गेलं. बराचसा भाग उथळ आहे. सर्वांत खोल पाणी पन्नास फुटांच्या आसपास. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी स्पीडबोटी आणि जेट स्कीच्या लाटांनी नोलन्स पॉइंटसमोर बोट एका जागी उभी करणं मुश्कील होतं. मोठे मासे रात्री नाहीतर पहाटे खातात आणि दिवसभर गप्प असतात. ऑक्टोबरमध्ये हा गोंगाट थांबतो. पण मासे लागण्याचं मुख्य कारण शांतता नव्हे, पाण्याचं तापमान आहे. खिशात दुसरं काही नसलं तरी दोरीला बांधून सोडता येईल असा थर्मामीटर हवा.

उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात. वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. साधारण वीस-पंचवीस फुटांखाली प्राणवायू संपत जातो, त्यामुळे खोल पाणी असूनही मासा तिथे टिकत नाही. सप्टेंबरपासून वरचं पाणी थंड होऊ लागतं. ते ५५ ते ५० अंश फॅरनहाइटवर (सुमारे १३ ते १० सेल्सिअस) आलं की वरच्या-खालच्या पाण्यातला फरक पुसला जातो आणि जोराच्या वाऱ्याने सगळं तळं ढवळून निघतं. इंग्रजीत याला टर्नओव्हर म्हणतात. मराठीत ‘पाणी उलटणं’ म्हणू या. हे चालू असलेला आठवडा वाईट असतो. पाणी गढूळ दिसतं, तळाचा कुजका काळा कचरा वर तरंगतो, कधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. मासे विखुरलेले असतात आणि आमिषाला तोंड लावत नाहीत. अनेक जण नेमके याच आठवड्यात एकदा जातात, रिकाम्या हाताने परततात आणि ‘थंडीत मासे खात नाहीत’ असं कायमचं ठरवून टाकतात. त्या दिवसांत उथळ खाडीत जा, कारण तिथे थर पडलेलेच नसतात. नाहीतर आठ-दहा दिवस थांबा. पाणी उलटून झालं की तळापर्यंत प्राणवायू पोचतो आणि पंचवीस ते चाळीस फुटांवरची जागा माशांना नव्याने मोकळी होते.

पाणी उलटण्याआधी, म्हणजे ६५ ते ५५ अंशांच्या काळात, पाणवनस्पतींच्या कडा बघाव्यात. इथे एक गोष्ट हाताने तपासायची असते. गळाला अडकून आलेली वनस्पती चिमटीत धरा. हिरवीगार असेल, बोटांत कुरकुरीत तुटत असेल, तर ती जिवंत आहे. तिच्या आसऱ्याला पर्च, पिकरेल, लार्जमाउथ बास असणार. तपकिरी, बुळबुळीत आणि चुरगळली की चिखल होणारी असेल, तर ती कुजतेय आणि भोवतालचा प्राणवायू खातेय. तिथे वेळ घालवू नका, पन्नास हात पुढे सरका. एकाच खाडीत अर्धी वनस्पती मेलेली आणि अर्धी जिवंत असते. सगळे मासे त्या जिवंत अर्ध्यात दाटलेले असतात.

तापमान पन्नासच्या खाली गेलं की हायब्रिड स्ट्राइप्ड बास (संकरित बास, पुढे नुसता ‘हायब्रिड’) आणि वॉलआय या मोठ्या शिकारी माशांची पाळी. या तळ्यात त्यांचं मुख्य खाद्य हेरिंग, नेमकं सांगायचं तर एलवाइफ नावाचा छोटा चंदेरी मासा. हेरिंगचे थवे थंडीत खोल पाण्याकडे सरकतात आणि मोठे मासे मागोमाग जातात. त्यामुळे जागा शोधताना जिथे दहा-बारा फुटांवरून तळ एकदम तीस फुटांपर्यंत उतरतो असे उतार धरावेत. नोलन्स पॉइंट, चेस्टनट पॉइंट, एल्बा पॉइंट आणि बायरम बे हे पट्टे अशाच उतारांचे आहेत. फिशफाइंडरवर, म्हणजे बोटीखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, हेरिंगचा थवा ढगासारखा दिसतो. ढगाच्या खाली किंवा कडेला जाड कमानी, म्हणजे मोठे मासे, दिसल्या तरच दोरी सोडा. नुसता ढग दिसला तर वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

साहित्य साधं पुरतं. साडेसहा ते सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ, १० पौंडी ब्रेडेड दोरी आणि तिच्या पुढे तीन-चार फूट ८ ते १० पौंडी फ्लोरोकार्बनचा तंगूस. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तंगूस तिथेच भाजतो आणि मोठ्या माशाला नेमका तिथेच तुटतो. आमिषासाठी अर्धा ते पाऊण औंसाचं धातूचं पातं. ते बोटीच्या थेट खाली तळाला टेकेपर्यंत सोडायचं. दोरी सैल पडली की तळ लागला. मग रॉडचं टोक आठ ते बारा इंच उचलायचं. पात्याची थरथर मनगटात जाणवली की थांबायचं, आणि दोरी हलक्या ताणात ठेवून पातं खाली जाऊ द्यायचं. मासा ते घेतो खाली पडताना. टकटक क्वचितच लागते. बहुतेक वेळा पुढच्या उचलीला पातं ‘जड’ लागतं, एवढंच. जड लागलं की रॉड उचला, विचार करत बसू नका.

चूक होते ती उचलण्यात. ऑगस्टची सवय म्हणून लोक दोन-तीन फूट झटका मारतात. ४५ अंशाच्या पाण्यात मासा तेवढा पाठलाग करत नाही, आणि पातं एकदम सैल दोरीवर पडलं की त्याचे गळ स्वतःच्याच तंगुसात अडकतात. मग ते उलटं, न थरथरता वर येतं. थरथर थांबली की आधी वर काढून बघा. वाऱ्याने बोट सरकून दोरी तिरकी जाऊ लागली तर पातं तळापासून वर राहतं. अशा वेळी जड पातं लावा किंवा बोट इलेक्ट्रिक मोटरने जागेवर धरा. वेळेचं म्हणाल तर वॉलआय संध्याकाळचा, पण हायब्रिड नोव्हेंबरात दुपारी बारा ते तीनमध्येही चांगला खातो. पहाटे चारला उठायची गरज नाही, हे मुलं असलेल्या घरांना सोयीचं.

जिवंत हेरिंग लावणार असाल तर टाकी गोल हवी. हा मासा सतत पोहतो. चौकोनी टाकीत कोपऱ्यांवर नाक आपटून मरतो. पंधरा-वीस गॅलनला डझन-दीड डझन पुरे, हवेचा पंप अखंड चालू हवा, पाणी तळ्याचंच हवं. घरच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्याला झेपत नाही. कोरड्या हाताने धरला की खवले हाताला लागतात आणि मासा दहा मिनिटांत आडवा होतो, म्हणून जाळीनेच काढा. १/० आकाराचा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) दोन्ही नाकपुड्यांतून ओवा. सर्कल हुकला झटका द्यायचा नसतो. दोरी ताणली गेली की सावकाश रीळ फिरवा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

मस्कीसाठी या साहित्याने मुद्दाम जाऊ नये. तीन-चार फुटांचा तो मासा दातांनी तंगूस कापतो, आणि लांब पकड, गळ कापायची कातर व मोठी जाळी नसेल तर सोडवता सोडवता मरतो.

किती मासे घरी न्यायचे याबद्दल आमचं मत ठाम आहे. होपॅटकाँगमधले हायब्रिड, वॉलआय आणि मस्की प्रामुख्याने माणसांनी सोडलेले आहेत. हॅकेट्सटाउनच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रातून आणि १९४६ पासून काम करणाऱ्या नी डीप क्लबसारख्या गरवणाऱ्यांच्या संघटनेच्या खर्चातून ते पाण्यात येतात. किमान लांबी आणि रोजची संख्या दर वर्षीच्या सरकारी नियमपुस्तिकेत छापलेली असते, ती फुकट मिळते. बोटीत मोजपट्टी ठेवा आणि अंदाजाने मोजू नका. आणखी एक: तीस फुटांखालून काढलेल्या वॉलआयच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आणि सोडला तरी तो बरेचदा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात ‘धरा आणि सोडा’ हा खेळ खेळू नये. हवे तेवढे मिळाले की गळ गुंडाळून उथळ पाण्यात पर्चकडे वळावं.

स्वयंपाकघराचंही थोडं सांगतो. पर्च आणि वॉलआय रवा लावून तळायला उत्तम. मांस पांढरं, घट्ट, वास जवळजवळ नाही. हायब्रिडच्या तुकड्यावर कातडीच्या बाजूने गडद लाल पट्टा असतो. तो सुरीने खरवडून पूर्ण काढला नाही तर कोकम-हळद कितीही लावा, उग्र वास जात नाही. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी कुठला मासा किती वेळा खावा याची सूचना राज्य सरकार प्रसिद्ध करतं, ती बघूनच ठरवा. २०१९ च्या उन्हाळ्यात इथे विषारी शेवाळ माजलं होतं. शरदातही एखाद्या खाडीत हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, तर तिथे गरवू नका आणि कुत्र्याला पाण्यात सोडू नका.

आता धोके. शरदात धरणाचा दरवाजा उघडून तळ्याची पातळी दर वर्षी सुमारे २६ इंच उतरवतात, आणि दर पाच वर्षांनी ६० इंच. बर्फाने धक्के मोडू नयेत आणि काठांची दुरुस्ती करता यावी म्हणून. याचा अर्थ असा की ऑगस्टमध्ये ज्या खडकावरून बोट सहज गेली तोच खडक नोव्हेंबरात मोटरच्या पंख्याला लागतो, आणि धोका दाखवणारे तरंगते बॉय तोवर उचललेले असू शकतात. काठापासून शंभर-दीडशे फूट चालण्याच्या वेगानेच जा. बोट उतरवायच्या रॅम्पवर आधी पायी जाऊन काँक्रीट कुठे संपतं ते काठीने चाचपा. ट्रेलरचं चाक त्या कडेखाली गेलं की ओढून निघत नाही. उघड्या पडलेल्या तळावर काठाने चालत गरवणाऱ्यांनी चिखलापासून जपावं. वरून सुकलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत ओढतो. परतताना मोटर सरळ उभी ठेवून आतलं पाणी निथळू द्या. आत राहिलेलं पाणी रात्री गोठून पंप फोडतं.

आणि लाइफ जॅकेट. न्यू जर्सीत चालत्या बोटीवर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते घालणं बंधनकारक आहे. मोठी माणसं मात्र ते बाकाखाली ठेवतात आणि ‘पोहता येतं की’ म्हणतात. ४५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ७ सेल्सिअस) पाण्यात पोहणं उपयोगी पडत नाही. पडल्याबरोबर पहिलं मिनिटभर श्वास आवरत नाही. त्यात एक श्वास पाण्याखाली गेला तर बुडायला तेवढा पुरतो. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, मग बोटं मिटत नाहीत, शिडी धरता येत नाही. शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण जॅकेट नसेल तर माणूस तिथवर पोचतच नाही. उन्हाळ्यात आसपास शंभर बोटी असतात, कुणीतरी बघतं. नोव्हेंबरातल्या मंगळवारी अख्ख्या तळ्यावर तुमची एकच बोट असू शकते. जॅकेट अंगात, मोबाइल पाणबंद पिशवीत, आणि किती वाजता परतणार हे घरी सांगितलेलं. बोट भाड्याने देणाऱ्याकडे प्रत्येकाच्या मापाचं जॅकेट मागा आणि धक्क्यावरच घालून बघा. मोठ्याचं जॅकेट मुलाला घातलं तर मूल त्यातून खाली निसटतं.

परवान्याबद्दल आपल्या लोकांत एक गैरसमज पक्का आहे. सोळा वर्षांखालच्यांना परवाना लागत नाही, आणि सत्तरीपुढच्यांनाही लागत नाही. पण ही दुसरी सवलत न्यू जर्सीच्या रहिवाशांनाच आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले बहात्तर वर्षांचे बाबा रहिवासी ठरत नाहीत. काठावर बसून एक गळ टाकायचा तरी त्यांना अनिवासी परवाना काढावा लागतो. तो दोन आणि सात दिवसांचाही मिळतो, ऑनलाइन काढता येतो, आणि पासपोर्ट हाताशी असला की काम लवकर होतं.

आपले,
काही मराठी गरवणारे
मॉरिस काउंटी, न्यू जर्सी