नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

हृदयाच्या डाव्या कप्प्याचा बहुतांश रक्तपुरवठा डाव्या मुख्य धमनीवर चालतो; ती अचानक बंद पडली की मिनिटं मोजावी लागतात. म्हणून पहिले आभार पुण्यात १०८ रुग्णवाहिकेला वाट करून देणाऱ्या दुचाकीवाल्यांचे (हो, तेही असतात!) आणि छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहणाऱ्या अनोळखी हातांचे. बायपाससाठी रक्त देणाऱ्यांचेही. पण पुढची वर्षं सांभाळतो तो कोपऱ्यावरचा औषधवाला. स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी “आता बरं वाटतंय” म्हणून बंद करू पाहणाऱ्याला तो अडवतो, “काका, आधी डॉक्टरांना विचारा.” मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि डाव्या मुख्य धमनीत ती जिवावर बेतते. त्याला मनापासून धन्यवाद.