अण्णा, नारळाची गोष्ट ठेवू का?

ती. आई आणि अण्णा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा "जेवलास का"वर गाडी गेली, म्हणून लिहितोय. मी राजीनामा दिलाय. नोटीस पिरियड संपला की पूर्णवेळ स्टेजवर लोकांना हसवायचे कार्यक्रमच करणार. आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण विचारलं असतं तर अण्णा, तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असता आणि रात्रभर जागला असता.

आई, आधी तुझ्या काळजीचं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होतात. ती पॉलिसी सुटायच्या आत त्याच विमा कंपनीकडं तुमच्या नावावर वेगळी करून घेतली, म्हणजे तुझ्या शुगरचा आणि अण्णांच्या बीपीचा वेटिंग पिरियड पुन्हा पहिल्यापासून नाही. कार्ड ताईकडं दिलंय. घराचा वर्षभराचा हप्ता बाजूला काढलाय, पीएफला हात लावलेला नाही. दर महिन्याला पाठवतो ते पैसे पाच तारखेलाच येतील. दुधाचं एक लिटर अर्ध्यावर आणू नकोस, मला ताई सांगते सगळं.

अण्णा, तुम्ही म्हणाल, लक्ष्मण देशपांडे सर विद्यापीठात शिकवतच होते की. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट तुम्हीच मला ऐकवलीत. एकटा माणूस 52 पात्रं उभी करतो म्हणून तुम्ही प्रत्येक आवाजाला एक बोट दुमडून मोजत होतात. पण सर नाटकच शिकवत होते. मी रात्री अकराला अमेरिकेच्या कॉलवर असायचो आणि कार्यक्रम साडेआठला. दोन वर्षं दोन्ही ओढलं. आता दोन्हीही नीट होईनात.

2018 मध्ये पुण्यात पहिल्यांदा ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन बोलावं अशा कार्यक्रमात, पाच मिनिटं उभा राहिलो, ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. शुद्ध बोलायचा प्रयत्न केला, कोणी हसलं नाही. पुढचे कितीतरी महिने तसेच. एका रात्री बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याचं सांगताना तोंडातून आपसूक "काय करायलास" निघालं आणि हॉल हलला. तिथून पाचाची दहा मिनिटं, मग मोठ्यांच्या कार्यक्रमाआधी वीस, आता माझ्या एकट्याचा दीड तास. नागपूर, कोल्हापूर, नाशिक, तिकीट काढून लोक येतात. आपल्या बोलीसाठी येतात, आई. लातूरला खोली करून तुम्ही मला शिकवलंत, तेव्हा वर्गात हीच बोली मी लपवत होतो.

आता ज्यासाठी पत्र लिहितोय ते. मी तुमची गोष्ट सांगतो, तुम्हाला न विचारता.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा तुम्ही दोघं टँकरच्या रांगेत होतात आणि मी पुण्यात शॉवरखाली. पाण्याच्या टाकीजवळ पाचच्या वर माणसं जमू नयेत म्हणून जमावबंदी होती. आई, तू सहावी म्हणून घागर घेऊन लांब थांबली होतीस. ते मी स्टेजवर सांगतो. आणि नारळाचंही. अनवाणी पाणाड्या, तळहातावर आडवा नारळ, बांधाजवळ तो उभा राहिला आणि तुम्ही "हितंच" म्हणालात. चारशे फुटांवर नुसता फुफाटा. तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तुम्ही मशीनवाल्यांसाठी चहा ठेवायला सांगितलंत.

लोक पाणाड्याच्या रुबाबाला हसतात, अण्णा. चहापाशी कोणी हसत नाही. जालन्याचा एक माणूस नंतर आत येऊन म्हणाला, "आमच्या रानात असले चार हायती," आणि हात धरून उभा राहिला. तुमची कोणी टिंगल करत नाही. केली असती तर मी तिथंच थांबवलं असतं. आणि नाना काहीही म्हणोत, सोंगाड्या म्हणाले तरी वाईट वाटून घेऊ नका. लहानपणी जत्रेत तमाशातली बतावणी बघायला तुम्हीच मला खांद्यावर बसवून नेत होतात. मी झोपलो तरी शेवटापर्यंत उभे असायचात. तो खांदा मला अजून आठवतो.

पुढच्या महिन्यात दयानंद सभागृहात प्रयोग आहे. तुम्ही यायचंय. कडेच्या खुर्च्या ठेवल्यात, अण्णांचा गुडघा दुमडावा लागणार नाही. रिक्षानं यायचं, मोटारसायकल काढायची नाही. आई, संध्याकाळची गोळी जेवून घे आणि मगच निघ, माझ्यासाठी थांबू नकोस. डबाही आणू नकोस. बरं, आणलास तर थोडाच आण.

त्याच्या आधी अण्णा, नारळाचं ठेवू की काढू ते कळवा. तुमचं मन नसेल तर लातूरलाच काय, कुठंच सांगणार नाही, दुसरं लिहीन. फक्त ताईकडून निरोप नको. तुम्ही स्वतः फोन करा, रात्री कितीही वाजता. आता अमेरिकेचा कॉल नसतो.

तुमचा,
बाळ्या