टाइड गेजशेजारी खारटपणाही मोजा

संपादक महोदय,

समुद्रपातळी वाढल्याची बातमी आली की वितळणारा बर्फ आणि तापणारे पाणी ही दोनच कारणे दिली जातात. दोन्ही खरी आहेत आणि गंभीरही. पण भारताच्या किनाऱ्यावर टाइड गेज, म्हणजे समुद्राची पातळी सतत नोंदवणारी यंत्रे, जे आकडे देतात त्यांत नद्यांचाही मोठा वाटा असतो. तो सोडला तर थोड्या वर्षांच्या आकड्यांचा अर्थ हमखास चुकतो.

नदी समुद्रात भर घालते म्हणून पातळी चढते, असा समज आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचे वर्षाचे सुमारे 1,000 घन किलोमीटर पाणी साऱ्या महासागरांवर पसरले, तर थर जेमतेम 3 मिलिमीटरचा होईल. खरा परिणाम होतो तो किनाऱ्याजवळचे पाणी हलके झाल्याने. किलोभर पाण्यातले मीठ 1 ग्रॅमने घटले की घनता सुमारे 0.075 टक्क्याने उतरते. वरच्या 20 मीटरांत मीठ 35 ग्रॅमवरून 30 वर आले, तर तेवढ्याच वजनाचे पाणी साडेसात सेंटिमीटर उंच उभे राहते. शिवाय उत्तर गोलार्धात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे, मुखातून निघालेले गोडे पाणी उजवीकडे वळून किनारा धरून वाहते. गंगेचे पाणी पावसाळ्यानंतर किनारी प्रवाहाबरोबर ओडिशा, आंध्र, तमिळनाडूकडे उतरते. त्यातले काही श्रीलंकेला वळसा घालून हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येते. विशाखापट्टणमची सरासरी समुद्रपातळी मुंबईपेक्षा सुमारे 30 सेंटिमीटर वर आहे, ती मुख्यतः या खारटपणाच्या फरकामुळेच.

मुंबईची समुद्रपातळीची नोंद 1878 पासूनची, म्हणजे आशियातल्या जुन्या नोंदींपैकी एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर आणि शेट्ये यांनी 1999 मध्ये दाखवले, की दशकांच्या पल्ल्यावर मुंबईची पातळी देशातल्या मोसमी पावसाच्या चढउताराबरोबर हलते. दोन्हींमधला दुवा नद्यांमुळे बदलणारा किनाऱ्याचा खारटपणा असावा, असे त्यांनी मांडले. त्या नोंदीतली शतकभराची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दहा वर्षांत सेंटिमीटरभर. भरपूर पावसाची किंवा दुष्काळाची सलग चार-पाच वर्षे एवढा फरक सहज झाकतील किंवा फुगवतील. दहा-बारा वर्षांच्या नोंदीवरून वाढीचा वेग जाहीर करणे आम्हाला म्हणूनच धोक्याचे वाटते.

खाडीच्या मुखाशी तर यंत्रच फसते. दाबावर चालणारे टाइड गेज पाण्याची घनता साधारण 1,025 किलो प्रति घनमीटर धरून उंची काढते. पुराच्या दिवसांत मीठ 10 ग्रॅमने उतरले, तर 5 मीटर पाण्याखालचे यंत्र पातळी जवळपास 4 सेंटिमीटर कमी दाखवते. उभ्या नळीत तरंगणाऱ्या गोळ्याच्या जुन्या यंत्रालाही हा दोष सुटत नाही. नळीचे भोक तळाशी असते, आत खारे जड पाणी अडकते, बाहेर हलके पाणी चढते, आणि नळीतली पातळी खाली राहते. रडार गेज पृष्ठभाग थेट मोजत असल्याने ही चूक करत नाही. पण पातळी का चढली, हे तेही सांगत नाही.

यासाठी प्रत्येक टाइड गेजच्या धक्क्यावर दोन खोलींवर पाण्याची विद्युत वाहकता (जिच्यावरून खारटपणा काढता येतो) आणि तापमान मोजणारे संवेदक हवेत: एक सर्वांत खालच्या ओहोटीच्या मीटरभर खाली, दुसरा तळाजवळ. वर गोडे, खाली खारे असा थर असताना एकाच संवेदकाने काहीच कळत नाही. नोंद दर 15 मिनिटांनी घ्यावी. आपल्या कोमट पाण्यात संवेदकाच्या अरुंद नळीत शेवाळ आणि शिंपले भराभर चढतात, मग यंत्र खारटपणा कमी दाखवू लागते आणि ती घट नदीच्या पाण्याची वाटते. साफसफाई दर पंधरवड्याला ठरलेली हवी, आणि प्रत्येक साफसफाईच्या आधी व नंतर बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळेत ताडून पाहायला हवा. हे आकडे पातळीच्या आकड्यांसोबत, नद्यांवरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याच्या नोंदीसह, सर्वांना खुले असावेत.

— सागरी जलसर्वेक्षणाशी संबंधित काही वाचक, मुंबई