फाइल कोणाच्या नावावर आहे, ते आधी पाहा

संपादक महोदय,

मराठीतल्या संगणकविषयक सदरांत लिनक्स वापरणाऱ्यांना एक ठरीव सल्ला मिळतो: सॉफ्टवेअर बसवताना 'ट्राइंग टू ओव्हरराइट' (दुसऱ्याच्या फाइलवर लिहू पाहतोय) असा संदेश आला, की 'फोर्स-ओव्हरराइट' (जबरदस्तीने लिहिण्याचा पर्याय) लावा आणि मोकळे व्हा. त्याने इन्स्टॉलेशन पार पडते, हे खरे. पण घोळ तिथूनच सुरू होतो.

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर बेतलेल्या लिनक्सच्या वितरणांत, म्हणजे तयार संचांत, (सी-डॅकचे 'बॉस' त्यांतलेच) 'डीपीकेजी' (पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी, बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी '/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो' मध्ये ठेवते. सातबाऱ्यावर एका गटाला चार नावे लागू शकतात. इथे फोल्डर सामाईक चालतो, फाइल मात्र एकाच पॅकेजच्या नावावर. दोन वेगळ्या पॅकेजांतली फाइल अक्षरन् अक्षर सारखी असली तरी डीपीकेजी अडते. फेडोरावर हेच काम करणारे आरपीएम अशा वेळी सोडून देते. म्हणून फेडोरावर बिनतक्रार बसलेली जोडी डेबियनवर अडकते आणि बोल डेबियनला लागतो.

उबुंटू 16.04 वर केडीई डेस्कटॉप घालू पाहणाऱ्यांना हे पुष्कळदा भोवले. 'केडीई-कॉन्फिग-टेलिपथी-अकाउंट्स' हे पॅकेज '/यूएसआर/शेअर/अकाउंट्स/सर्व्हिसेस/गूगल-आयएम.सर्व्हिस' ही फाइल आणत होते आणि ती आधीच 'अकाउंट-प्लगइन-गूगल'च्या नावावर होती. ॲप्ट (डीपीकेजीला राबवणारे वरचे साधन) तिथेच थांबते; सोबतची पॅकेजे उलगडलेली, पण कॉन्फिगर न झालेली, अशी लोंबकळत राहतात. आता जबरदस्तीने बसवले तर? नवे पॅकेज उद्या काढून टाकले, की ती फाइलही जाते आणि जुने पॅकेज यादीत 'इन्स्टॉल्ड' दिसत असूनही आतून लंगडे होते. जुन्याचे अपडेट आले, तर तेच भांडण उलट बाजूने उभे राहते.

योग्य क्रम साधा आहे. संदेशात फाइलचा पूर्ण मार्ग असतोच. 'डीपीकेजी -एस' (एस कॅपिटल) पुढे तो मार्ग द्या, मालक पॅकेज कळते. डेबियन 12 वर '/यूएसआर/बिन/एलएस' विचारले तर 'सापडत नाही' असे उत्तर येते, कारण नोंद '/बिन/एलएस' अशी आहे. '/बिन' हा आता नुसता दुवा असला तरी नोंदवही जुनीच. तेव्हा दोन्ही मार्ग विचारून पाहावेत. दोहोंपैकी एक पॅकेज नको असेल तर ते काढा, मग 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा. बाहेरून उतरवलेली डेब फाइल असेल, तर बसवण्याआधी 'डीपीकेजी -सी' (हा सी लहान) ने आत काय आहे ते बघून घ्या. त्यात '/यूएसआर/लोकल' मध्ये फाइली दिसल्या, तर बांधणाऱ्याला नियम माहीत नाहीत असे खुशाल समजा. ती जागा यंत्राच्या व्यवस्थापकाने स्वतः कंपाइल केलेल्या गोष्टींची. बाहेरच्या कंपनीच्या आख्ख्या गाठोड्यासाठी '/ऑप्ट' आहे.

खरी चूक मात्र बहुतेकदा पॅकेज बांधणाऱ्याचीच असते. नेहमीचा प्रकार असा: 'क' पॅकेजमधली फाइल आवृत्ती 1.2-3 पासून 'क-डेटा' या नव्या पॅकेजात हलवली. मग 'क-डेटा'च्या कंट्रोल फाइलमध्ये (पॅकेजची माहिती असलेल्या फाइलमध्ये) 'रिप्लेसेस' (त्याच्या फाइली मी घेतो) आणि 'ब्रेक्स' (त्याची जुनी आवृत्ती माझ्यासोबत चालणार नाही) ही दोन्ही क्षेत्रे हवीत, दोन्हींत 'क', 1.2-3~ च्या आधीची आवृत्ती, असे लिहून. शेवटची ती लाटेसारखी खूण विसरू नये. ती नसेल तर बॅकपोर्ट केलेली (जुन्या वितरणासाठी पुन्हा बांधलेली) 1.2-3 विनाकारण 'जुनी' ठरते. नुसते 'रिप्लेसेस' लिहिणारे पुष्कळ. तेवढ्याने भांडण मिटते, पण जुने 'क' तसेच राहते आणि कोणी 'क-डेटा' काढले, की त्याची फाइल गेलेली असते. 'कॉन्फ्लिक्ट्स'चा (दोन्ही एकत्र नकोतच, या क्षेत्राचा) सोटा इथे उगारायचे कारण नाही.

दुसरा प्रकार निष्काळजीपणाचा. 'मेक इन्स्टॉल' चालवल्यावर '/यूएसआर/शेअर/इन्फो/डिर' ही सामाईक अनुक्रमणिका तयार होते आणि ती चुकून पॅकेजात जाते. ती बांधणीतच पुसायला हवी. पायथनवाले चाचण्यांचा 'टेस्ट्स' फोल्डर न वगळता 'फाइंड_पॅकेजेस' वापरतात. मग दोन परस्परांशी संबंध नसलेली पॅकेजे '/यूएसआर/लिब/पायथन3/डिस्ट-पॅकेजेस/टेस्ट्स' मधल्या एका रिकाम्या 'इनिट' फाइलवरून भांडतात. शून्य बाइटची फाइल!

नावेच भिडतात तेव्हा डेबियनचे धोरण कडक आहे: वेगळे काम करणाऱ्या दोन प्रोग्रॅमना एकच नाव नाही, आणि 'कॉन्फ्लिक्ट्स' लिहून सुटकाही नाही. 'नोड' हे नाव हौशी रेडिओवाल्यांच्या प्रोग्रॅमकडे होते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडजेएसलाही तेच हवे होते. 2012 मध्ये प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेले. नोडजेएसची कमांड 'नोडजेएस' झाली आणि 'नोड' हे नाव पुढे काही वर्षे 'नोडजेएस-लेगसी' या वेगळ्या पॅकेजातून मिळत होते. फाइलींतला मजकूर दाखवणारा 'बॅट' हा प्रोग्रॅम डेबियनवर 'बॅटकॅट' नावाने चालवावा लागतो तोही याच नियमामुळे. ते नाव बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरच्या एका प्रोग्रॅमने आधीच घेतले होते.

पॅकेज लोकांना देण्याआधी स्वच्छ क्रूटमध्ये (मुख्य यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या फोल्डर-यंत्रणेत) तीन गोष्टी कराव्यात: कोरी स्थापना, मागच्या स्थिर आवृत्तीवरून अपग्रेड, आणि नवे पॅकेज काढल्यावर जुन्याच्या फाइली जागेवर आहेत का, हे पाहणे. तिसरी सहसा कोणी करत नाही.

– पॅकेजबांधणी करणारा एक वाचक, पुणे