स्वतंत्र धूम्रपान कक्ष हा तोडगा नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सामाईक जागांमधील धूम्रपानावर निर्बंध असावेत का, या वादात ‘धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवा, म्हणजे कोणाचीच तक्रार उरणार नाही’ असे वारंवार सुचवले जाते. हा तोडगा समंजस वाटला तरी तो आरोग्याच्या कसोटीवर टिकत नाही.

ओढणारा तोंडातून सोडतो तेवढाच धूर हवेत मिसळतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात दोन झुरक्यांच्या मध्ये सिगारेटचे पेटते टोक नुसतेच धुमसत असते आणि खोलीतील धुराचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. तो फिल्टरमधून गाळलेला नसतो, शिवाय कमी तापमानाला अर्धवट जळून निघाल्यामुळे त्यात अनेक विषारी घटक ओढलेल्या धुरापेक्षाही अधिक असतात. कक्षाचे दार उघडले की बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मागोमाग तो बाहेर येतो, आणि वातानुकूलन यंत्रणा एकच असेल तर दार उघडण्याचीही गरज उरत नाही. पंखे आणि एक्झॉस्ट यांनी दर्प कमी होतो. धोका मात्र राहतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी सरकारतर्फे बोलणाऱ्या सर्वोच्च वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालाने अप्रत्यक्ष धूम्रपानाची कोणतीही पातळी निर्धोक नसल्याचे नमूद केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातील, इतरांच्या धुरापासून संरक्षण देणाऱ्या कलम ८ संबंधीच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही वेगळ्या खोल्यांचा पर्याय अपुरा ठरवला.

या चर्चेत एक माणूस हमखास विसरला जातो. ग्राहकाला किंवा पाहुण्याला त्रास झाला, तर तो उठून जाऊ शकतो. परंतु त्याच खोलीतले ॲशट्रे रिकामे करणारा, टेबल पुसणारा, पूर्ण पाळी तिथेच उभा राहणारा कर्मचारी कुठे जाणार? आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबसह बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदी लागू केली, ती याच कर्मचाऱ्याच्या आरोग्यासाठी. त्यानंतर तिथल्या पबमधील कामगारांच्या श्वसनाच्या तक्रारी कमी झाल्याचे अभ्यासांत दिसून आले. मला हा दाखला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात व्यक्तिस्वातंत्र्याच्या युक्तिवादाचे उत्तर आहे: कोणी ओढावे की नाही याबद्दल तो कायदा काही म्हणत नाही, कुठे ओढावे एवढेच ठरवतो.

धूम्रपान करणाऱ्यांचा द्वेष करण्याचे काहीच कारण नाही. निकोटीनचे व्यसन निव्वळ निर्धाराने सुटतेच असे नाही, म्हणून त्यांना उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून पुरेशी दूर जागा आणि व्यसन सोडण्यासाठी वैद्यकीय मदत मिळायलाच हवी. मात्र आतील प्रत्येक जागा, जिने, लिफ्ट आणि व्हरांडे यांच्यासह, पूर्णपणे धूरमुक्त असावी, आणि नियम पाळला जातो की नाही याची जबाबदारी ती जागा चालवणाऱ्यावर असावी. आज ती तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यावर किंवा सहकाऱ्यावर येऊन पडते आणि संबंध बिघडतील या भीतीने बहुतेक जण गप्प राहतात.

आपला,
एक वाचक