मुदत पत्र हाती पडल्यापासून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2020 च्या कोरोना टाळेबंदीत टपाल कचेरीत जाऊन नोटिसा पाठवणे अवघड झाले, हे मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने 10 जुलैला ई-मेल आणि व्हॉट्सअॅपवरून नोटीस बजावायला परवानगी दिली. न्यायालयात दाद मागण्याच्या मुदती तर 15 मार्चपासूनच वाढवून दिल्या होत्या. पीपीएफ खात्यात गेल्या आर्थिक वर्षाचे पैसे भरायला सरकारनेही 30 जूनपर्यंत सवड दिली होती. टाळेबंदीत माणूस आणि कागद दोन्ही वेळेवर पोचत नाहीत, हे न्यायालयाला कळले, सरकारला कळले. मग विमा कंपन्या आणि बँका आपल्या पत्रांत ‘या पत्राच्या तारखेपासून पंधरा दिवसांत’ हे वाक्य अजून तसेच का छापत आहेत?

मी आरएमएसमधून, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे शाखेतून, सॉर्टर म्हणजे पत्रांची गावागावांप्रमाणे वाटणी करणारा म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे चाळीत कुणाचे टपाल अडले की पाकीट माझ्यापुढे येते. गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी मेडिक्लेमचे पत्र घेऊन आल्या. मुलाच्या ऑपरेशनची मूळ कागदपत्रे कंपनीने मागितली होती. पत्रावर तारीख 28 मे. स्पीड पोस्टला ते 1 जूनला पडले, म्हणजे मुदतीतले चार दिवस कंपनीच्या टेबलावरच गेले. आमच्या चाळीत ते आले 29 जूनला. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी कागद पाठवले, तर उत्तर आले की मुदतीत कागद न मिळाल्याने दावा बंद केला आहे. आता या बाईंनी 12 जूनच्या आत काय करायला हवे होते, ते त्या कंपनीने मला सांगावे.

उशीर का झाला, हे मी त्या कामात आयुष्य काढल्यामुळे सांगू शकतो. टपाल ही अत्यावश्यक सेवा, म्हणून कचेऱ्या उघड्या ठेवल्या. पण लांबच्या गावांच्या टपालाच्या बॅगा प्रवासी गाड्यांतून आणि विमानांतून येतात. गाड्या 22 मार्चला बंद झाल्या, देशांतर्गत विमाने 25 मेपर्यंत जमिनीवर होती. पार्सल गाड्या आणि खात्याच्या स्वतःच्या मोटारी धावल्या, त्यात औषधांना आधी जागा मिळाली आणि तेच योग्य होते. बॅग मुंबईत आली तरी पत्र लगेच घरी येत नाही. बॅग फोडायची, एकेक पत्र त्याच्या खणात टाकायचे, पुन्हा बॅग बांधून त्या त्या डिलिव्हरी ऑफिसला धाडायची, तिथे बीटप्रमाणे, म्हणजे प्रत्येक पोस्टमनच्या ठरलेल्या भागाप्रमाणे, वाटणी करायची. हे सगळे हाताने होते, आणि हे हात राहतात बदलापूर, विरार, पनवेलला. लोकल बंद होती. 15 जूनला ती अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, पण टपाल खात्याच्या माणसांना त्यात चढायची परवानगी मिळाली 1 जुलैपासून! तोवर जे येऊ शकले ते बसचे धक्के खात आले.

त्यात बीट बदललेले. पिन कोड (तो 1972 साली आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी दिला) पत्राला बरोबर परळच्या पोस्टात आणून सोडतो, पण तिथून पुढे पोस्टमनची ओळखच कामाला येते. एकाच मालकाच्या नावाच्या दोन चाळी, जुने खोली नंबर, दारावर सासऱ्यांची पाटी आणि पाकिटावर सुनेचे माहेरचे नाव. नेहमीचा पोस्टमन आजारी असला किंवा त्याची इमारत सील झालेली असली, तर बदलीवर आलेल्या माणसाने हे ओळखायचे कसे? हीच माणसे या दिवसांत म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन आधारवर अंगठा घेऊन पैसे देत होती. कामावर असताना कोरोनाने मृत्यू आला तर कुटुंबाला 10 लाख रुपये देण्याचे खात्याने एप्रिलमध्ये जाहीर केले, त्यावरून त्यांच्या कामातला धोका समजावा. त्यांच्यावर राग काढणाऱ्यांना मी चाळीत गप्प केले आहे, इथेही तेच सांगतो.

कायद्याची बाजूही बघावी. 2020 मध्ये लागू असलेल्या 1898 च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे टपाल हरवले किंवा उशिरा पोचले, तर सरकारने स्वतःहून पत्करली असेल तेवढीच जबाबदारी त्याच्यावर येत होती. महामारीत खात्याला दोष द्यावा असे मला वाटतही नाही. पण खाते जबाबदार नाही आणि कंपनी तर पत्राच्या तारखेपासून दिवस मोजणार, म्हणजे सगळे नुकसान ज्याला पत्र उशिरा मिळाले त्याच्याच अंगावर. हे उघड अन्यायाचे आहे. स्पीड पोस्ट कधी पोचले याची नोंद खात्याकडे असते, ती नंबर टाकून कंपनीलाही घरबसल्या दिसते. त्या तारखेपासून मुदत मोजायला एक पैसा लागत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने आणि रिझर्व्ह बँकेने तसे परिपत्रक काढावे, आणि मार्चपासून केवळ मुदतीच्या कारणाने बंद केलेले दावे पुन्हा उघडायला लावावेत.

टपाल खात्याला एकच विनंती. प्रत्येक पोस्टाच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहा, की अमुक तारखेपर्यंत आलेल्या बॅगांचे टपाल वाटून झाले आहे. लोक थांबायला तयार असतात, त्यांना काही कळत नाही म्हणून ते चिडतात.

आणि वाचकांनो, पाकीट फाडून टाकू नका. त्यावरचे तारखेचे शिक्के आणि बारकोडचा नंबर हाच तुमचा पुरावा आहे. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि उत्तर पाठवताना सोबत जोडा. वहिनींच्या दाव्यासाठी आम्ही काल तेच केले.

आपला,
एक निवृत्त सॉर्टर, परळ, मुंबई